जुना लॅपटॉप: बॅटरी खरंच गेली आहे, की दुखणं वेगळंच आहे?

२०२० च्या टाळेबंदीत ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच लॅपटॉप आला. मुलांची शाळा त्यावर भरली आणि ऐरोली-महापेची ऑफिसं घोडबंदरच्या, कोपरखैरण्याच्या घरांतल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. ते लॅपटॉप आता पाच-सहा वर्षांचे झालेत आणि तक्रारी सगळीकडे सारख्याच ऐकू येतात. चार्जर काढला की अर्ध्या तासात बंद पडतो, पंखा सारखा घोंघावतो, एक फाइल उघडायची तर गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. दुकानात नेला की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: "बॅटरी गेली, बदलून टाका", नाहीतर "जुना झाला काका, आता नवीनच घ्या."

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. पण लॅपटॉप सुरू करून चार आकडे न बघता दिलेलं उत्तर हा अंदाजच असतो, आणि अंदाजावर घरातले चाळीस हजार रुपये खर्च व्हावेत हे मला पटत नाही. बॅटरी, उष्णता आणि वेग ही दुखणी एकमेकांत अडकलेली असतात. गरम राहणाऱ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी लवकर म्हातारी होते. बॅटरी किंवा चार्जर कमजोर पडला की प्रोसेसर आपला वेग स्वतःहून खाली आणतो. डिस्क संथ असली की पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ पडदा, पंखा, प्रोसेसर वीज खात राहतात. त्यामुळे दिसतं एक आणि मूळ असतं दुसरीकडेच.

बॅटरीचा अहवाल

विंडोजमध्ये बॅटरीचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत पॉवर आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी लिहा. मग एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा सलग शब्द लिहून एंटर दाबा. अहवाल कुठे साठवला ते तिथेच लिहून येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

अहवाल लांबलचक असतो, पण आपल्याला सुरुवातीच्या तीनच ओळी हव्यात. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत मावणारी वीज. फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारी वीज. सायकल काउंट म्हणजे भरण्या-उतरण्याची किती आवर्तनं झाली तो हिशेब. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ रिकामीच येते. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास टक्के वापरली, तर दोन दिवसांचं मिळून एक आवर्तन मोजलं जातं. दिवसातून कितीदा चार्जर लावला याच्याशी त्याचा संबंध नाही.

समजा डिझाइन कपॅसिटी ४१,००० मिलिवॉट-अवर आहे आणि फुल चार्ज कपॅसिटी २३,०००. म्हणजे बॅटरीत मूळच्या ५६ टक्के जीव उरलाय. सर्वसाधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० आवर्तनांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते असं धरतात. अॅपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी १,००० आवर्तनांचा आकडा देते. मॅकवर हे बघायला ऑप्शनचं बटण दाबून ठेवून अॅपलचा मेनू उघडा आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवर बघा. तिथे सायकल काउंट आणि कंडिशन दोन्ही लिहिलेलं असतं.

आता दुसरा आकडा, जो क्वचितच कुणी विचारात घेतं: लॅपटॉप दर तासाला किती वीज खातो. ४१,००० मिलिवॉट-अवर म्हणजे ४१ वॉट-अवर. लॅपटॉप सरासरी ८ वॉट खात असेल तर नवी बॅटरी पाच तासांच्या वर चालेल, आणि ५६ टक्क्यांवर आलेली जुनी बॅटरीसुद्धा जवळजवळ तीन तास काढेल. पण मागे काहीतरी अखंड चालू असल्यामुळे तोच लॅपटॉप १८ वॉट खात असेल तर जुनी बॅटरी सव्वा तासात संपते. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही सव्वादोन तासांतच हात टेकते. घरातल्यांना वाटतं डुप्लिकेट बॅटरी मिळाली, दुकानदाराशी वाद होतो, आणि खरं कारण तसंच राहतं.

म्हणून माझा हिशेब असा आहे. फुल चार्ज कपॅसिटी ७० टक्क्यांच्या वर असेल आणि तरीही लॅपटॉप तासाभरात बसत असेल, तर आधी खर्च होणाऱ्या विजेकडे बघायचं. ती ५० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायचीच आहे, पण खर्च तरीही तपासायचा. मधल्या पट्ट्यात असेल तर तुम्ही चार्जरशिवाय किती वेळ काम करता यावर सगळं ठरतं. दिवसभर टेबलावर चार्जर लावून टॅली चालवणाऱ्या वाशीच्या एपीएमसीतल्या व्यापाऱ्याला ५५ टक्क्यांची बॅटरी पुरेशी आहे. त्याला ती फक्त वीज गेल्यावर काम सेव्ह करण्यापुरती लागते.

बॅटरी म्हातारी का होते

लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्या आत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंचं ऑक्साइड, आणि मध्ये द्राव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात आणि वापरताना परत दुसऱ्या बाजूला जातात.

पहिल्या काही चार्जिंगमध्येच ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर द्रावाचं विघटन होऊन एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा हवाच असतो, कारण तो पुढचं विघटन रोखून धरतो. पण त्याची वाढ पूर्णपणे थांबत नाही. वर्षानुवर्षं तो हळूहळू जाड होत जातो आणि दर खेपेला थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. जेवढं लिथियम अडकलं तेवढी क्षमता गेली. ही बॅटरी न वापरता कपाटात ठेवली तरी म्हातारी होते ती यामुळेच.

ही प्रक्रिया दोन गोष्टींनी वेग घेते: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली स्थिती. एक सेल पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्या दाबाला आतली रसायनं जास्त अस्थिर होतात. बॅटरीच्या अभ्यासात नेहमी दिला जाणारा ढोबळ आकडा असा आहे: ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांवर वर्षभर ठेवली तर तिची क्षमता जेमतेम चार टक्के घटते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांवर वर्षभर ठेवली तर सुमारे एक तृतीयांश. ठाण्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. खोलीत ३४ अंश, लॅपटॉपच्या पोटात त्याहून दहा-बारा अंश जास्त, आणि चार्जर सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेला. दोन्ही शत्रू एकाच वेळी कामाला लागलेले असतात. "मी तर बॅटरीवर कधी वापरतच नाही, तरी गेली कशी?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

चार्जर लावून ठेवला की बॅटरी ओव्हरचार्ज होते, ही समजूत मात्र खरी नाही. लॅपटॉपमधलं सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग थांबवतं. नुकसान होतं ते सतत शंभर टक्क्यांवर राहिल्याने. दुसरी समजूत जास्त घातक आहे: बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि मगच चार्ज करायची. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरीला तो उलटा पडतो, कारण शून्यापर्यंतची प्रत्येक उतरण तिला झिजवते. वीस-तीस टक्क्यांवर चार्जर लावावा, हे तिच्या तब्येतीला सगळ्यात मानवतं.

सगळ्यात मोठा फरक पाडणारी सेटिंग बहुतेक लॅपटॉपमध्ये आधीपासून असते आणि बंद असते: चार्जिंगची मर्यादा. लेनोव्होमध्ये व्हँटेज अॅपमधला कन्झर्वेशन मोड, आसुसमध्ये मायआसुसमधलं बॅटरी केअर, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमधला (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधला) बॅटरी हेल्थ मॅनेजर, डेलमध्ये बायोसमधला प्रायमरिली एसी यूज. ती चालू केली की बॅटरी साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबते आणि पुढचं काम थेट चार्जरच्या विजेवर चालतं. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आजच करावं असं मी कळकळीने सांगेन. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला, किंवा सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने चार्जर न घेता कुठे जायचं असलं, की आदल्या रात्री मर्यादा काढून शंभर टक्के भरून घ्या.

तीस टक्के दाखवतो आणि अचानक बंद पडतो

ही तक्रार घेऊन येणारा माणूस सगळ्यात जास्त वैतागलेला असतो, कारण त्याचं न साठवलेलं काम गेलेलं असतं. क्षमता घटते तसा बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, पण क्षार बसून पाइप आतून अरुंद झालाय, असं समजा. एकच नळ उघडा असेल तर पाणी येतं. सगळ्या घरांत एकदम नळ सुटले की वरच्या मजल्यावर थेंबही येत नाही, टाकी अर्धी भरलेली असली तरी. लॅपटॉपमध्येही तुम्ही नुसतं वाचत असता तोवर सगळं ठीक चालतं. व्हिडिओ कॉल सुरू झाला, प्रोसेसरने एकदम जास्त वीज ओढली, की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि संरक्षक सर्किट लॅपटॉप बंद करून टाकतं.

कधीकधी दोष नुसत्या मोजमापाचा असतो. बॅटरीतली चिप किती वीज उरली याचा अंदाज बांधते आणि वर्षानुवर्षं अर्धवट चार्जिंग झालं की तो अंदाज चुकत जातो. त्यासाठी एकदा बॅटरी पूर्ण भरायची, मग लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत उतरवायची आणि पुन्हा सलग पूर्ण भरायची. याला कॅलिब्रेशन म्हणतात. याने बॅटरीची गेलेली क्षमता परत येत नाही, फक्त टक्क्यांचा आकडा खरा बोलू लागतो. वर्षातून एक-दोनदा पुरे. ते करूनही लॅपटॉप अचानक बंद पडत असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

आणि एक गोष्ट अशी आहे जिथे आकडे, अहवाल काही बघायचं नाही. टचपॅड वर उचललेला दिसतोय किंवा दाबला जात नाही, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. यांपैकी काहीही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. आत द्रावाचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्ज करू नका. फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी तर मुळीच लावू नका. भोक पडलं तर पेट घेऊ शकते. गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. "अजून चालतोय ना, मग चालू दे" हे या एका बाबतीत जिवावर बेतू शकतं.

उष्णता

प्रोसेसर ठराविक तापमानाला पोचला, बहुतेक मॉडेलमध्ये ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉप सुरू केल्यावर दहा मिनिटं छान चालतो आणि मग मंदावतो, ही त्याची खूण. टास्क मॅनेजर ही लॅपटॉपमध्ये आत काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी; तिथे परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये बघा आणि एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर लावून तापमान बघा. तापमान शंभराला टेकतंय आणि त्याच वेळी वेग घसरतोय, तर निदान झालं.

आपल्याकडची हवा इथे फार त्रास देते. घोडबंदर रोडलगत मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं घरात येते, खाडीकडून दमट वारा येतो, बाल्कनीत वाळणाऱ्या कपड्यांचे तंतू उडत असतात. हे सगळं पंख्यातून आत जातं आणि ओलाव्यामुळे उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांवर घट्ट चिकटून बसतं. पंखा जोरात फिरतो, पण हवा बाहेर पडत नाही. तपासायचं तर हात हवा बाहेर पडते त्या जागेशी धरा: पंख्याचा आवाज मोठा आणि वारा नावापुरता, असं असेल तर आत साफसफाई हवी.

साफसफाई करताना खालचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लिनर वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. चार-पाच वर्षांत प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली, उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्टही सुकलेली असते. ती पुसून नवी लावून घ्यावी. हात बसलेला नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याला द्या, पण समोर बसून करून घ्या. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरायची सवय मोडा. बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात, ती वाटच बंद होते.

तापमान साठ अंश, तरीही वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झला अडकलेला, असं दिसलं तर चार्जरकडे बघा. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही, किंवा कमी वॉटचा लागला, की प्रोसेसरला जाणूनबुजून बांधून ठेवतात. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई ओळख पटवण्यासाठीच असते; ती वाकली किंवा तुटली की चार्जिंगही बंद आणि वेगही गेला. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला तरी असंच होतं. बॅटरी पूर्ण मेली असेल तर काही मॉडेल चार्जरवरही मंद चालतात, कारण क्षणिक जास्तीची वीज बॅटरीकडून घ्यायची सोय उरत नाही. बॅटरी आणि वेग यांचा संबंध इतका थेट असतो, आणि फॉरमॅट मारून हा दोष जात नाही.

डिस्क आणि रॅम

लॅपटॉप सुरू झाल्यावर पाच मिनिटं काहीच करू नका आणि टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसतंय, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन मेगाबाइटच आहे? मग बहुधा तुमच्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे आणि तीच सगळ्याला अडवून धरते आहे.

यामागचं गणित साधं आहे. ५,४०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला अकरा मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबायचं, शिवाय सुई योग्य रेषेवर न्यायची. असं करत ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेगवेगळ्या जागा वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ती सेकंदाला हजारो जागा सहज वाचते. या एका बदलाने सुरू व्हायला चार मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो. वेगासाठी जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या अडीच इंची डिस्कच्या जागी साटा एसएसडी तशीच बसते. काही मॉडेलमध्ये एम-डॉट-टूचा, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा, रिकामा स्लॉटही असतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधीकधी ईएमएमसी नावाचं साठवण मदरबोर्डवरच चिकटवलेलं असतं, ते बदलता येत नाही. डिस्क बदलायच्या आधी, आणि खरं तर काहीही करायच्या आधी, फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. तिथे पिवळी सूचना दिसली तर प्रत घेण्याचं काम उद्यावर टाकू नका.

रॅमचं, म्हणजे चालू कामं ठेवायच्या तात्पुरत्या जागेचं, त्यापेक्षा थोडक्यात. चार जीबीत आजचं विंडोज आणि ब्राउझर एकत्र मावत नाहीत. जागा संपली की संगणक रॅममधला मजकूर डिस्कवर लिहितो आणि परत वाचतो, आणि डिस्क फिरती असेल तर मग विचारूच नका. मेमरीचा रकाना काही न करता ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर असेल तर आठ जीबी करून घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच असते, म्हणून स्लॉट आहे का ते आधी बघा. २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे हा खर्च मोजूनच करावा.

फुकटातली कामं तर आधीच उरकून घ्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून नको ती सॉफ्टवेअर बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत येतो. रोज बंद केलेल्या लॅपटॉपचा सीपीयूच्या पानावरचा अप टाइम वीस-वीस दिवस दिसतो तो यामुळे.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप ऑफिसात पोचेपर्यंत गरम आणि बॅटरी अर्धी, हाही अनुभव अनेकांना येतो. हल्लीची स्लीप पूर्ण झोप नसते; मागे इंटरनेट, अपडेट चालू राहतात, आणि कोंदट बॅगेत ती उष्णता थेट बॅटरीला भाजते. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होईल, अशी सेटिंग करा.

बॅटरी घ्यायचीच असेल तर

लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागू नका. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज फोटो काढून न्या. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या आलेल्या असतात. गोखले रोडवर घ्या, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये घ्या किंवा लॅमिंग्टन रोडपर्यंत जा, लेबल वाचा. भारतात लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, म्हणून त्यावर आयएस १६०४६ हा क्रमांक आणि आरने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. उत्पादनाची तारीख बघा: तीन वर्षं गोदामात पडलेली "नवी" बॅटरी तीन वर्षांनी म्हातारी झालेलीच असते. बिल आणि वॉरंटी लिहून घ्या. बसवल्यावर दुकानातच मगाचा अहवाल पुन्हा काढा. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या जवळपास आणि आवर्तनं शून्याच्या आसपास हवीत. "दादा, जरा रिपोर्ट काढून बघतो" म्हटल्यावर चांगला दुकानदार कधीच नाराज होत नाही.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जातो तेव्हा ती फुटून आग लागते, आणि तिथे काम करणारी माणसं होरपळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलनाला द्या. टोकांवर चिकटपट्टी लावून द्या.

राहता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्यात बसतात. तुमचा लॅपटॉप त्याआधीचा असेल, तर बॅटरी आणि एसएसडीवर पैसे घालण्याआधी हे ठरवा. काम टॅलीसारख्या विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर अडलेलं असेल तर त्या लॅपटॉपवर मोठा खर्च करू नये. पण मुलांचा अभ्यास, ब्राउझर, पत्रं, यूट्यूब एवढंच असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आठ जीबी रॅमवर उत्तम चालते आणि तिला सुरक्षा अपडेट मिळत राहतात. डिस्कवरचं काहीही न पुसता ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. बघताना वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा, इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड निवडून चार ओळी टाइप करा, आणि घरातला प्रिंटर जोडून एक पान छापून बघा.